झाडाखालचा वर्ग, बाटलीच्या बुचांचं गणित

मलावी देशाने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. खोल्या कमी पडल्या. अनेक वर्ग झाडाखाली भरू लागले.

मग शिक्षकांनी परिसरच साधन म्हणून वापरला. मोजणीला बाटल्यांची बुचं, बेरीज-वजाबाकीला मक्याचे दाणे, अक्षरपट्ट्यांना रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणात या पद्धतीला ‘टालुलार’ म्हणतात. तिथे शिकवायला जाणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांनाही हीच रीत उपयोगी पडते.

१९५८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘व्हीएसओ’ या स्वयंसेवी संस्थेने मलावीतल्या शाळांत सौरऊर्जेवर चार्ज होणारे टॅबलेट नेले. त्यांवरचे धडे मुलांच्या चिचेवा भाषेत आहेत.

तिकडे शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी चिचेवा शिकायला सुरुवात करावी.