राजकन्येची भूमिका कुणाला?
पडद्यावरचा उद्या : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण हॉलिवूडची अंतराळयानं पाहिली. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये (१९५६) यानावरचे सगळे गोरे पुरुष आणि साऱ्या चित्रपटात महत्त्वाचं स्त्रीपात्र एकच. त्या काळच्या विज्ञानपटांत भारतीय माणूस कुठे होता, ते आज पाहू.

१९५२ साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सनं अमेरिकी निर्मात्यांच्या भागीदारीत ‘द जंगल’ काढला. दिग्दर्शक विल्यम बर्क. भारतातल्या एका संस्थानात हत्ती बिथरून गावांवर चालून येतात आणि त्यामागचं कारण निघतं मॅमथ, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेले! चित्रीकरण इथलंच, इथल्याच हत्तींना केसाळ झुली चढवून मॅमथ उभे केले. राजकन्या मारी मात्र झाली यूटात जन्मलेली मेरी विंडसर आणि रामा सिंग झाला न्यूयॉर्कचा सीझर रोमेरो.

याच चित्रपटात पुण्यात जन्मलेली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या भूमिकेत आहे. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती मूकपटांची सर्वांत मोठी तारका झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या होत्या. १९५२मध्ये ती पंचेचाळिशीची होती, तेव्हा राजकन्येचं काम तिला मिळालं नाही हे समजण्यासारखं आहे. पण मद्रास-मुंबईत तरुण नट्यांचा तुटवडा नव्हता. पंतप्रधान झाले डेव्हिड, कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले चेऊलकर. देश आपला, हत्ती आपले, दरबारी आपले. नायक-नायिका तेवढे बाहेरचे, कारण तिकिटं अमेरिकेत विकायची होती.

चांगला हेतूही पुरेसा पडत नाही. पूर्व जर्मनी आणि पोलंड यांच्या ‘मूक तारा’मध्ये (१९६०) शुक्राकडे निघालेल्या यानात जपानी डॉक्टर स्त्री, आफ्रिकी तंत्रज्ञ, चिनी शास्त्रज्ञ आणि भारतीय गणितज्ञ सिकर्णा आहेत. त्या काळी असं यान दाखवणं हे धाडसच होतं. जपानी डॉक्टरच्या भूमिकेत योको तानी होती. सिकर्णा मात्र झाला कुर्ट राकेलमान हा जर्मन नट.

कॅमेरा आपल्या हाती आला तेव्हा चेहरे आपले झाले. ‘चाँद पर चढाई’त (१९६७) चंद्रावर जाणारा कप्तान दारासिंग आहे. पण यानातला मानाचा क्रम जुनाच राहिला. आणि जात? तिला तर त्या यानांत जागाच नव्हती.

तो प्रश्न आपल्या रायपूर परिसरातल्या माणसानं विचारला. मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’मध्ये (१९६५), म्हणजे पहिल्या छत्तीसगढी चित्रपटात, दलित तरुण आणि ब्राह्मण मुलगी एकमेकांवर प्रेम करतात. चित्रपटाला विरोध झाला, तरी तो लोकांपर्यंत पोचला. हा विज्ञानपट नव्हे. पण उद्याचा समाज कसा असावा हे दाखवण्याचं विज्ञानपटाचं काम त्यानं यंत्रमानवाशिवाय केलं. गावातल्या माणसांना त्यांच्याच बोलीत मध्यभागी उभं केलं.

म्हणून जुना विज्ञानपट पाहताना पडद्यावर कोण दिसतं एवढ्यावर थांबू नका. निर्णय कोण घेतं, जीव कुणाचा वाचतो आणि कथा कुणाच्या नजरेतून सांगितली जाते, हेही पाहा.

पुढील आठवड्यात : सत्यजित राय यांची ‘द एलियन’ची पटकथा. बंगालमधल्या खेड्याच्या तळ्यात उतरणारं यान.