उसना घुमट

नोव्हेंबर १९६०. दिल्लीत लोधी बागेला लागून असलेल्या मोकळ्या जागेत जपानचे तरुण युवराज अकिहितो यांच्या हस्ते एका इमारतीची कोनशिला बसली. ती इमारत म्हणजे इंडिया इंटरनॅशनल सेंटर. संस्थेचे पहिले अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि संस्कृतइतकाच बागकामाचाही नाद असलेले. पुढे २०१३ मध्ये अकिहितो सम्राट म्हणून दिल्लीत आले, तेव्हा सम्राज्ञी मिचिको यांच्यासह लोधी बागेत त्यांनी निवांत फेरफटका मारला.

दिल्लीची ही बाग जपानी नाही. पण ती पाहायची कशी, हे जपानी उद्यानकला फार छान शिकवते.

तिथे ‘शाक्केई’ नावाची एक रीत आहे. शाक्केई म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. कुंपणापलीकडचा डोंगर, एखाद्या देवळाचं छप्पर, किल्ल्याचा माथा, जे आपल्या सातबाऱ्यावर नाही तेही झाडांची उंची आणि वाटेचं वळण साधून बागेत सामील करून घ्यायचं. ओकायामा शहरातलं कोराकुएन याचा उत्तम नमुना. सरदार इकेदा त्सुनामासा यांच्या आज्ञेवरून १६८७ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १७०० मध्ये ते पुरं झालं. जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत ते गणलं जातं. नदीपलीकडचा काळा किल्ला आणि दूरची मिसाओ टेकडी त्याने अशी आपलीशी केली आहे, की बाग संपते कुठे ते कळत नाही. पुणेकरांना हे उद्यान परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच्याच धर्तीवर उभं आहे.

लोधी बागेच्या जागी पूर्वी खैरपूर गाव होतं, सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरींच्या सावलीत वसलेलं. ते हलवून १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ झालं. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. १९६८ मध्ये वास्तुरचनाकार जोसेफ ॲलन स्टाइन आणि उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी सुमारे ९० एकरांच्या या बागेला आजचं रूप दिलं. या रूपातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे इमारतींभोवती ठेवलेला मोकळेपणा. वाट वळते, झाडी बाजूला होते आणि बडा गुंबद एकदम समोर येतो. त्याच्यासमोरच्या शीश गुंबदाशी मात्र घाई करू नये. भिंतीच्या वरच्या पट्ट्यात निळ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. कधीकाळी ही अख्खी इमारत उन्हात कशी चमकत असेल, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

सय्यद सुलतान मुहम्मद शाहाची अष्टकोनी कबर १४४४ ची, तर सिकंदर लोदीची १५१७ च्या सुमाराची. दोन्हींच्या मधे जेमतेम पाऊणशे वर्षं. सिकंदरच्या कबरीजवळ अकबराच्या काळातला ‘आठपुला’ आहे. मुलांना घेऊन गेलात तर कमानी मोजायला लावा. त्या सातच भरतील, कारण नावातले आठ म्हणजे पुलाचे खांब. जपानशी थेट नातं शोधणाऱ्यांसाठी बागेत बॉन्सायचा विभागही आहे. कुंडीत मावणारी ती झाडं पाहून वर मान केली की शेजारच्या जुन्या वृक्षांची उंची नव्याने जाणवते.

इंटरनॅशनल सेंटरही स्टाइन यांचंच, १९६२ मध्ये सुरू झालेलं. त्यांनी इमारत मुद्दाम बुटकी ठेवली, झाडांशी जमवून घेणारी. तिथून बागेतले घुमट दिसतात. शाक्केई म्हणतात ती हीच! आसपास स्टाइन यांच्या इतक्या इमारती आहेत की या परिसराला लोक कौतुकाने ‘स्टाइनाबाद’ म्हणतात.

हाताशी अख्खा दिवस असेल तर सकाळी बाग, मग १७५४ ची सफदरजंगची कबर, आणि दुपारनंतर हुमायूनच्या कबरीलगतची सुंदर नर्सरी असा क्रम सोयीचा. वेळ कमी असेल तर बाकीचं खुशाल सोडावं आणि बागेलाच दोन तास द्यावेत. मुंबईहून येणाऱ्या ऑगस्ट क्रांती राजधानीचं शेवटचं स्थानक हजरत निजामुद्दीन, म्हणजे बागेपासून अगदी जवळ. मेट्रोने यायचं तर जोरबाग स्थानकावर उतरावं. थंडीचे दिवस उत्तम, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कांचन फुलतो तेव्हा तर जावंच.

बागेत प्रवेशाला तिकीट नाही. आणि शेजारच्या सेंटरमधल्या मुख्य सभागृहाच्या दारावर आजही मराठी माणसाचं नाव आहे : चिं. द्वा. देशमुख.