एका ध्वनिमुद्रिकेची जन्मकथा

ध्वनिमुद्रिका म्हणजे काय, असें कोणीं विचारलें तर आपण सहज म्हणतों, कीं तें गवयाच्या गाण्याचें छायाचित्र होय. गाणें आधीं, तबकडी मागाहून. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें, त्या तबकडीला मात्र मूळ मैफल अशी नव्हतीच.

लिव्हरपूलचे चार तरुण 'बीटल्स' या नांवानें जगभर गाजले, आणि त्या गाजण्यालाच कंटाळले. त्यांच्या जलशांत श्रोत्यांचा कल्लोळ एवढा असे कीं, वादकाला स्वतःचें वाद्य ऐकूं येत नसे. तिकीट लावून केलेला त्यांचा शेवटचा जलसा २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. त्यानंतर नोव्हेंबरपासून पुढील एप्रिलपर्यंत ते लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत ठाण मांडून बसले. त्यांतून निघाली 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही सुमारें चाळीस मिनिटांची तबकडी. १९६३ सालीं याच गृहांत त्यांच्या पहिल्या तबकडीचा बहुतेक भाग एका दिवसांत उरकला होता!

एवढे महिने लागले कशाला? त्या काळच्या फितीवर ध्वनीचे चारच पट्टे मावत. चारही भरले कीं त्यांचें मिश्रण दुसऱ्या फितीवर उतरवावयाचें, आणि मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यांवर पुढचीं वाद्यें चढवावयाचीं. पुरणांत गूळ एकदां शिजला कीं तो वेगळा काढतां येत नाहीं. तसें येथें प्रत्येक मिश्रणापूर्वीं कोणता आवाज किती ठेवावयाचा हें कायमचें ठरवावें लागे. ही जबाबदारी निर्माते जॉर्ज मार्टिन आणि तरुण ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनीं पेलली. एका गाण्यांत जत्रेंतील सर्कशीचा भास हवा होता, म्हणून वाफेवर वाजणाऱ्या वाद्यांच्या फिती कापून, तुकडे हवेंत उधळून, हातीं येतील तसे ते जोडले! शेवटच्या गाण्यासाठीं चाळीस वादकांना सांगितलें कीं, चोवीस आवर्तनांत आपापल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरपर्यंत चढा, आणि शेजाऱ्याकडे लक्ष देऊं नका. आयुष्यभर एकमेकांचें ऐकून वाजविणाऱ्या त्या मंडळींना हें किती विचित्र वाटलें असेल! गाणें संपतें तें अनेक पियानोंवर एकदम दाबलेल्या स्वरमेळानें. तो विरत असतां तंत्रज्ञानें ध्वनीची पातळी वाढवीत नेली, म्हणून तो चाळीस सेकंदांहून अधिक काळ ऐकूं येतो.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें गाणें दुसऱ्या बाजूचें पहिलें. जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरांत रविशंकरांपाशीं सतार शिकण्यासाठीं मुंबईस आला होता. त्या शिक्षणाचा ठसा या गाण्यावर आहे. त्यांत दिलरुबा गायकाच्या मागोमाग मींड घेत जातो. मार्टिननें व्हायोलिन आणि चेलोवाल्यांनाही त्याच मागानें न्यावयाचें ठरविलें. पण नेमक्या स्वरावर बोट ठेवण्याची संवय असलेल्यांना स्वरांमधून घसरत जाणें फार जड गेलें. दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. हीं नांवें वेष्टनावर छापलीं गेलीं नाहींत. त्याच वेष्टनावर थोरामोठ्यांच्या चित्रांचा मेळावा आहे. त्यांतून गांधीजींचें चित्र काढण्यांत आलें, कारण हिंदुस्थानांतील लोकांचीं मनें दुखावतील अशी कंपनीला धास्ती वाटली. चित्राची एवढी काळजी, आणि वाजविणाऱ्यांचीं नांवें मात्र विसरलीं!

सर्व गाणीं एका सूत्रांत ओवलीं आहेत, ही ख्याति मला थोडी अतिशयोक्त वाटते. काल्पनिक वाद्यवृंदाची कल्पना आरंभीं येते, शेवटाजवळ पुन्हां डोकावते, एवढेंच. पण या तबकडीनंतर लांब तबकडी ही सुट्या गाण्यांची पिशवी न राहतां अखंड ऐकावयाची कृति ठरूं लागली. 'पिंक फ्लॉइड' हा वृंद त्याच दिवसांत शेजारच्या दालनांत आपली पहिली तबकडी करीत होता. १९७३ ची त्यांची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही त्याच इमारतींत मुद्रित झाली. १९६८ सालीं वर्षांतील सर्वोत्तम तबकडीचें ग्रॅमी पारितोषिक 'पेपर'ला लाभलें. रॉक संगीताला तें प्रथमच मिळत होतें.

आणि त्या गुळाचें काय झालें? मिश्रणापूर्वींच्या मूळ फिती कोणीं टाकून दिल्या नव्हत्या. २०१७ सालीं मार्टिनचे चिरंजीव जाइल्स यांनीं त्यांवरून सर्व गाणीं नव्यानें जुळविलीं. हीं दोन्हीं रूपें एकापाठोपाठ लावून पाहा, आणि दिलरुबा कोठें अधिक मोकळा ऐकूं येतो तें आपणच ठरवा.