गिटारच्या पोटातली खरखर

घरातल्या पंख्याचं बटण वर्षानुवर्षं कुणी उघडून पुसत नाही, तरी ते दाबलं की पंखा फिरतो. इलेक्ट्रिक गिटारवरचा छोटासा स्विच मात्र दोन पावसाळे नुसता पडून राहिला तरी कुरकुरायला लागतो. नॉब फिरवला की स्पीकरमधून खरखर येते, स्विच सरकवला की एक पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून विजेत बदलणारा भाग, गप्प होतो, केबलला धक्का लागला की आवाज येतो-जातो. अशी गिटार हाती आली की पुष्कळ जण पिकअप बदलायला निघतात, नाहीतर गिटारच विकून टाकतात. या दोन्हींची गरज क्वचितच असते. बिघाड बहुधा दोन-चार चौरस मिलिमीटर जागेत दडलेला असतो. तो का होतो हे कळलं की त्याची दुरुस्ती घरच्या टेबलावर करता येते.

पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि शेजारच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळते हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी हेच तत्त्व गिटारला लावलं, आणि बीचम यांना १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजचा पिकअपही मुळात तसाच आहे. माणसाच्या केसाइतक्या बारीक, सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे चुंबकांभोवती गुंडाळलेले असतात. एवढ्या खटाटोपातून हाती येतात फक्त काही मिलिव्होल्ट, फार जोरात वाजवलं तर काही शे मिलिव्होल्ट. शिवाय अॅम्प्लिफायरचा इनपुट साधारण दहा लाख ओहमचा. त्यामुळे गिटारमधून बाहेर पडणारा प्रवाह मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी असतो. पंख्यातून साधारण ०.३ अँपिअर वाहतो, म्हणजे लाखो पटींनी जास्त. पंख्याचं बटण टिकतं आणि गिटारचा स्विच कुरकुरतो, त्याचं कारण या फरकात आहे.

धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी ते सगळीकडे टेकत नाहीत. सूक्ष्म पातळीवर दोन्हींवर उंचवटे असतात आणि वीज जाते ती फक्त उंचवटे जिथे भिडतात तिथून. रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने या स्पर्शबिंदूंचा आयुष्यभर अभ्यास केला. हवेतला ऑक्सिजन, ओलावा, घामातलं मीठ आणि बोटांचा तेलकटपणा यांनी या बिंदूंवर पापुद्रा चढतो. चांदीचा मुलामा असेल तर हवेतली गंधकाची संयुगं त्याला काळं करतात. घराच्या बटणावर २३० व्होल्टचा दाब असतो. तो हा पापुद्रा फोडतो आणि उघडझाप करताना उडणारी ठिणगी उरलासुरला जाळते. गिटारच्या मिलिव्होल्टना यातलं काहीच जमत नाही. टेलिफोनच्या अभियंत्यांना ही अडचण फार पूर्वीच भेटली होती. तारांचे सांधे जिवंत राहावेत म्हणून ते लाइनमधून मुद्दाम थोडा एकदिश प्रवाह वाहता ठेवत. गिटारच्या केबलचा पाव इंची जॅकही जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधूनच आला आहे; तो जपणारा प्रवाह मात्र गिटारपर्यंत आला नाही.

म्हणून गिटारची मागची झाकणी उघडली की आधी सगळ्या जोडांची दोन गटांत वाटणी करावी. जिथे डाख दिलेला आहे तिथे साफसफाईचं काम नाही. डाख तडकलेला असेल तर तो पुन्हा द्यावा. जिथे धातू धातूवर किंवा कार्बनवर नुसता टेकून आहे, तिथेच खरखर जन्मते. अशा जागा तीनच: पॉट, स्विच आणि जॅक.

नॉबखालच्या पॉटमध्ये घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक स्प्रिंग सरकते. सिंगल कॉइल पिकअपना सहसा २५० किलोओहमचा आणि हमबकरना ५०० किलोओहमचा पॉट लावतात. पट्टीवर धूळ किंवा कार्बनचा भुगा साचला की सरकणारी स्प्रिंग क्षणभर उचलली जाते, सिग्नल तुटतो आणि पुन्हा जुळतो. अशा शेकडो तुटी अॅम्प्लिफायर मोठ्या करून ऐकवतो. डिस्टॉर्शन लावलेलं असेल तर विचारायलाच नको. पुष्कळ वादक व्हॉल्यूम कायम दहावर ठेवतात, त्यामुळे उरलेल्या पट्टीवरून स्प्रिंग कधी फिरतच नाही. म्हणूनच पहिला उपाय फुकटचा आहे. केबल काढून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. हलकी खरखर एवढ्यानेच जाते, कारण स्प्रिंग स्वतःच पट्टी खरवडून साफ करते.

तरीही राहिली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांतही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो स्प्रेच्या डब्यात मिळतो. पॉटच्या तीन पायांच्या वर त्याच्या कवचात एक फट असते. तिथे नळी टेकवून अगदी थोडा फवारा मारावा, नॉब पुन्हा फिरवावा आणि पुरतं वाळू द्यावं. जास्त फवारल्याने जास्त स्वच्छ होत नाही. नॉब मऊ फिरावा म्हणून दांड्याला ग्रीस लावलेलं असतं, ते विरघळून वाहून जातं आणि नॉब सैल, खडबडीत वाटू लागतो. गिटारच्या रंगावर उडणारे थेंबही लगेच पुसावेत. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला बरीच द्रावणं खातात, त्यामुळे थिनर आणि अॅसिटोन गिटारच्या आसपासही नकोत. घराघरांत असलेला डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा डबा १९५३ साली पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी तयार झाला. त्या कामात तो उत्तम आहे, पण मागे तेलाचा थर सोडतो आणि त्या थरावर धूळ चिकटते. काही दिवस बरं वाटतं, मग खरखर परत येते. कार्बनची पट्टीच झिजली असेल तर कुठलाच स्प्रे उपयोगाचा नाही. त्याच मूल्याचा नवा पॉट बसवावा. बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह पिकअपच्या गिटारमध्ये एकदिश वीज पॉटमध्ये झिरपूनही खरखर येते. तिथे दोष कपॅसिटरचा असू शकतो आणि सफाईने तो जात नाही.

स्विचची पाती उघडी दिसत असतील तर काम सोपं. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओली करून पात्यांच्या मधून हलकेच ओढावी. कागदावर उमटलेली काळी रेघ पाहिली की नक्की काय निघालं ते कळतं. सँडपेपर अजिबात वापरू नये. पात्यांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो एकदा खरवडला गेला की खालचा धातू आणखी लवकर काळवंडतो. जॅकसाठी इअरबडचा कापूस आणि तेच अल्कोहोल पुरतं. आतली स्प्रिंग सैल झाली असेल तर ती किंचित आत वाकवावी. बाहेरचा नट आवळताना मात्र जॅक आतून धरून ठेवावा, नाहीतर तो गोल फिरतो आणि आतल्या तारा पिळून तुटतात.

पिकअपवर कुठलंही द्रावण फवारू नये. तिथे सरकणारा जोडच नाही, तेव्हा साफ करण्यासारखंही काही नाही. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा भुगा चिकटपट्टीने उचलावा. फ्रेट घासायला पोलादी लोकर वापरणार असाल तर आधी पिकअप पूर्ण झाकून घ्यावेत. तिचे कण आत शिरले तर केसाइतक्या तारेवरचं लॅकर खरवडलं जाऊ शकतं आणि मग ती गुंडाळी नव्याने घालण्याशिवाय इलाज राहत नाही.

अनेक जण खरखर आणि घूं-घूं यांना एकच समजतात. घूं-घूं हा मळाचा आवाज नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि सिंगल कॉइल पिकअप ती ट्यूबलाइटपासून, ट्रान्सफॉर्मरपासून पकडतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोडगा काढला: उलट गुंडाळलेल्या, उलट ध्रुवांच्या दोन कॉइल, म्हणजेच हमबकर. तारेचा सिग्नल दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचा गोंगाट मात्र एकमेकांना मारतो. तारांना हात लावल्यावर घूं-घूं कमी होत असेल तर ब्रिजपासून आत गेलेली अर्थची वायर शाबूत आहे असं समजावं. काहीच फरक पडत नसेल तर ती वायर तपासावी.

ही वायर तारांना थेट अॅम्प्लिफायरच्या सांगाड्याशी जोडते, म्हणून घूं-घूं घालवायला अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणं अत्यंत धोक्याचं आहे. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच मृत्युमुखी पडला. मंडपातल्या जनरेटरच्या विजेवर वाजवणाऱ्यांनी तर अर्थिंग आहे की नाही हे मांडववाल्याच्या शब्दावर न सोडता टेस्टर लावून पाहायला हवं.

कोकणपट्टीची खारी दमट हवा आणि घाम, दोन्ही स्पर्शबिंदूंचे वैरी. वाजवून झालं की तारा आणि ब्रिज कोरड्या कापडाने पुसावेत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. गिटार वाजवत नसलात तरी आठवड्यातून एकदा सगळे नॉब टोकापर्यंत फिरवावेत, स्विच प्रत्येक जागेवर नेऊन आणावा, केबल लावून काढावी. या घासण्यानेच पापुद्रा कोवळा असताना निघून जातो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रासाठी गिटार बाहेर काढायची असेल तर हे आठ दिवस आधीच करावं. खरखर तेव्हाच सापडली तर क्लीनर मारून तो नीट वाळायला आणि लागलाच तर नवा पॉट आणून बसवायला वेळ हाताशी राहतो.