राज्य कोणावर? : वसतिगृहातील बैठ्या सांघिक खेळांविषयी

मराठी मुलांच्या खेळात एक विलक्षण शब्दप्रयोग रूढ आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून इतरांना शोधण्याची किंवा सर्वांच्या प्रश्नांना एकट्याने तोंड देण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्यावर 'राज्य' आले असे आपण म्हणतो. व्यवहारात राज्य ज्याच्या हाती असते तो इतरांना राबवतो; खेळात मात्र ज्याच्यावर राज्य असते तोच राबतो. शिवाय ते कोणाकडेही फार वेळ टिकत नाही. सांघिक खेळाची परीक्षा या एका शब्दात सामावलेली आहे, असे आम्हांस वाटते. ज्या खेळात राज्य फिरत राहते आणि कोणीही कायमचा बाहेर बसत नाही, तो खेळ मुलांना घडवतो. ज्यात ते एकाच दुबळ्या मुलावर वारंवार येते, तो खेळ कितीही हसवणारा असला तरी वसतिगृहात चालवू नये.

निवासी शाळेत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, जून ते सप्टेंबर मैदान चिखलाने भरते, आणि सायंकाळच्या वंदनेनंतर जेवणापर्यंतचा वेळ सभागृहातच जातो. दिवसाची शाळा असलेले मूल चार वाजता घरी जाते. आपली मुले त्याच भिडूंबरोबर जेवतात, झोपतात आणि उठतात. दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि तेरा-चौदा वर्षांचे एखादे मूल मध्येच वसतिगृहात दाखल होते. वर्गात ते बोलत नाही, जेवणाच्या पंगतीत कोपरा धरते. अशा मुलाला पहिली हाक बहुधा पुस्तक देत नाही. ती एखाद्या डावातला भिडू देतो.

धम्मात खेळाला स्थान आहे काय?

काही पालक हा प्रश्न विचारतात, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, तत्कालीन खेळांची एक यादी आढळते. भारतीय खेळांच्या इतिहासासाठी ती अत्यंत मौल्यवान आहे. एका ओळीत आठ घरे असलेल्या पटावरचा 'अट्ठपद', दहा घरांचा 'दसपद', पट न मांडता केवळ मनात खेळायचा 'आकास', सोंगट्यांच्या ढिगातून बाकीच्या न हलवता एकेक काढण्याचा 'सन्तिक', फाशांचा 'अक्ख', हवेत किंवा पाठीवर गिरवलेले अक्षर ओळखण्याचा 'अक्खरिक', दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा 'मनेसिक' असे अनेक खेळ त्यात नोंदलेले आहेत. पुढे चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचा पूर्वज, याच आठ घरांच्या पटावर मांडला गेला.

ही यादी आली आहे ती श्रमणाने ज्या गोष्टींपासून दूर राहावे त्यांच्या संदर्भात. कारण दिले आहे 'प्रमाद', म्हणजे बेसावधपणा. भिक्खूचा हा नियम शाळकरी मुलावर लादण्याचे कारण नाही. गृहस्थांसाठीचा उपदेश सिगालोवादसुत्तात आहे, आणि तेथे निषेध आहे तो जुगाराचा. जुगाराचे सहा तोटे तेथे सांगितले आहेत: जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, जवळचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि विवाहासाठीही त्याला कोणी पसंत करत नाही. यातून वसतिगृहापुरता एक साधा नियम निघतो: पैज कशाचीच नको. पैशांची तर नाहीच, पण चॉकलेटची नाही, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची बादली भरावी, कपडे धुवावेत अशीही नाही. सेवा लादणारी पैज ही पैशांच्या पैजेहून वाईट, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच यादीत शेवटी 'यथावज्ज' नावाचा एक प्रकार येतो. आंधळा, लंगडा, कुबडा यांच्या व्यंगाची नक्कल करण्याचा हा खेळ. अडीच हजार वर्षांनंतरही तो संपलेला नाही. कोणाचे अडखळणे, कोणाची चाल, कोणाची मराठवाडी बोली, कोणाचे आडनाव यांवर हशा पिकवणे हे त्याचेच आजचे रूप होय.

बैठक कशी असावी?

वेरूळच्या ५ क्रमांकाच्या बौद्ध लेण्याला अनेक माजी विद्यार्थ्यांनी शालेय सहलीत भेट दिली असेल. हे लेणे 'महारवाडा' या नावानेही ओळखले जाते. त्या नावापाशी आपला वाचक क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही. २४ स्तंभांच्या त्या लांबलचक दालनात जमिनीलगत दोन दगडी बाक समांतर कोरलेले आहेत. भोजनासाठी किंवा पठणासाठी त्यांचा उपयोग होत असावा, असे अभ्यासक मानतात. आमचे लक्ष वेधते ती त्यांची रचना: समोरासमोर दोन रांगा, सर्वांची बैठक एकाच उंचीची, कोणी कोणाच्या पाठीमागे नाही. बैठ्या खेळासाठी याहून चांगली मांडणी आम्हांस ठाऊक नाही. समोरासमोर रांगा किंवा एकच वर्तुळ करावे. गटात आठ ते दहा मुले असावीत, आठवी ते दहावी मिसळलेली. पंच दर डावाला बदलावा, म्हणजे तक्रार करणाऱ्यालाही न्याय देणे किती कठीण असते ते कळते.

काही खेळ व त्यांची रीत

पाठीवरचे अक्षर. हा 'अक्खरिक'चाच वंशज. दोन रांगा एकामागे एक बसतात. शेवटच्या भिडूला पंच एक अक्षर दाखवतो. तो ते पुढच्याच्या पाठीवर बोटाने गिरवतो, आणि असे करत ते पहिल्यापर्यंत पोहोचते. पहिला ते फळ्यावर लिहितो. तीन अक्षरांचा शब्द आधी अचूक पुरा करणारी रांग जिंकते. मुले-मुली एकत्र असतील तेथे पाठीऐवजी तळहातावर गिरवावे. या खेळात तोंड उघडावे लागत नाही, म्हणून अबोल मुलासाठी पहिल्या दिवशी हाच घ्यावा.

मनातले ओळखा. राज्य असलेला भिडू एक व्यक्ती किंवा वास्तू मनात धरतो. इतरांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. सावित्रीबाई, मलिक अंबर, पाणचक्की, अजिंठ्याची लेणी अशी नावे आली की इतिहासाची उजळणी आपोआप होते. 'पुरुष आहे काय?', 'आपल्या जिल्ह्यातील आहे काय?' अशा प्रश्नांनी शक्यता निम्म्या करत जाणे हे यातील कौशल्य. तर्कशास्त्राचा तो पहिला धडाच आहे.

गाण्याच्या भेंड्या. हा सर्वांच्या परिचयाचा खेळ, परंतु केवळ चित्रपटगीतांवर चालवला तर मोबाइल व दूरचित्रवाणी असलेल्या घरातील मुले पुढे जातात. एक फेरी भीमगीतांची, एक ओव्यांची, एक कवितांची ठेवावी. आजीच्या तोंडून वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेले मूल तेव्हा अचानक गटाचा आधार ठरते. गाणी संपली की गावांच्या भेंड्या लावाव्यात: पैठण, मग 'ण' अडला म्हणून 'न'वरून नायगाव, मग 'व'वरून वैजापूर.

मूकाभिनय. शब्द न उच्चारता म्हण, पुस्तक किंवा व्यवसाय हावभावांतून दाखवायचा. एकच बंधन: 'यथावज्ज' चालणार नाही. व्यवसाय दाखवायचा तर त्याचे कौशल्य दाखवावे. मोळी बांधणाऱ्या ऊसतोड मजुराच्या हातांतील लय जो नेमकी दाखवतो, त्याच्या घरी ते काम चालत असेल तर त्याचा चेहरा खुलतो, झाकोळत नाही.

मेंढीकोट. पत्त्यांचे नाव काढताच काही पालक बिचकतात. पण दोष पत्त्यांचा नसून पैजेचा असतो. चौघे भिडू, समोरासमोरचे दोघे एका बाजूला, प्रत्येकाला तेरा पाने. दश्शीला 'मेंढी' म्हणतात. अधिक मेंढ्या गोळा करणारी जोडी जिंकते, आणि चारही मिळाल्या तर कोट होतो. खूण न करता जोडीदाराच्या पानांचा अंदाज घेणे आणि पडलेली पाने लक्षात ठेवणे, हे दोन्ही गुण यात कसास लागतात.

सर्वांची खुर्ची. नेहमीच्या संगीतखुर्चीत सर्वांत संथ मूल पहिल्याच फेरीत बाहेर पडते आणि उरलेला वेळ बघत बसते. म्हणून नियम उलटावा. गाणे थांबले की दर वेळी एक खुर्ची काढायची, पण मूल एकही काढायचे नाही. उरलेल्या जागेत सर्वांनी मावायचे. खुर्च्यांऐवजी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली तर पडण्याचे भय राहत नाही. शेवटच्या दोन कागदांवर दहा जण एकमेकांना सावरून उभे राहतात, तेव्हा बंधुतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

राजा-मंत्री-चोर-शिपाई. चार चिठ्ठ्या, चार भिडू. राजाला १०००, मंत्र्याला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य गुण, अशी एक प्रचलित रीत आहे. चिठ्ठ्या उघडल्यावर शिपायाने चोर ओळखायचा. चुकला तर त्याचे गुण चोराला. दहा फेऱ्यांची बेरीज करावी. मोठ्या मुलांसमोर खेळानंतर एक प्रश्न अवश्य ठेवावा: पहिल्या फेरीतल्या चिठ्ठ्याच आयुष्यभर ठेवल्या असत्या, आणि त्या तुमच्या मुलांना व नातवंडांनाही लागू केल्या असत्या, तर कोण खेळले असते? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती दहावीतल्या मुलाला या गुणतक्त्यावरून जितकी चटकन उमगते तितकी पाठ्यपुस्तकातील परिच्छेदावरून उमगत नाही.

'कच्चा लिंबू' कोणाला म्हणावे?

लहान भावंडाला खेळात घेऊन त्याच्या बाद होण्याचा हिशेब न ठेवण्याची आपली जुनी पद्धत मायेची आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला 'कच्चा लिंबू' केले की ते खेळात असूनही खेळाबाहेर असते. कमी पडणाऱ्याला सूट देण्यापेक्षा खेळ बदलावा. धावण्यात मागे पडणारा आठवणीत पुढे असतो, पाठांतरात अडणारा अभिनयात रंगतो. आठवडाभरात प्रत्येक मूल एकदा तरी जिंकू शकेल, असे खेळांचे वेळापत्रक आखणे हे शिक्षकाचे काम आहे.

हरण्याची रीत

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव लाभले, आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंदपञ्ह या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद वाद करू इच्छितो, तेव्हा भदंत नागसेन त्याला एक अट घालतात. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडित खंडन करतात, त्यांचेही खंडन होते, पण ते रागावत नाहीत; राजा मात्र असहमत होणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. राजा ती अट मान्य करतो, आणि मगच संवाद सुरू होतो.

प्रत्येक डावापूर्वी हीच अट मुलांसमोर ठेवावी असे आम्हांस वाटते. हरलेल्याने पट उधळायचा नाही. जिंकलेल्याने रात्री खोलीत टोमणे मारायचे नाहीत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे राज्य आले, त्यांच्या मुलांना उद्या ग्रामपंचायतीपासून न्यायालयापर्यंत अनेक ठिकाणी अधिकाराच्या जागा मिळणार आहेत. आलेले राज्य नीट पार पाडावे आणि पाळी संपताच ते पुढच्याकडे सोपवावे, याचा सराव त्यांना आजच हवा. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येताना खाऊबरोबर एखादा पत्त्यांचा जोड किंवा सोंगट्यांचा पट आणावा. आणि शक्य झाले तर तासभर थांबून एका डावाचे राज्य स्वतःवर घ्यावे.