काळ्या दगडाचा जमाखर्च

वैशाखातील सूर्य मावळून घटका-दोन घटका लोटल्यावर रंकाळ्याच्या घाटावर जो बसतो, त्याला हवा निवलेली असतानाही, आणि दगडास स्पर्श न करताही, पाठीमागच्या काळ्या पाषाणाची ऊब अंगावर जाणवते. दिवसभर जमा झालेला सूर्यताप अवरक्त किरणांच्या रूपाने रात्री खर्ची पडत असतो. हे किरण विल्यम हर्शेल याने १८०० साली, वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवून, प्रथम ओळखले.

पदार्थातील अणुरेणू सदैव कंप पावत असतात, आणि त्यांच्यातील विद्युत्भारांच्या या हालचालीतूनच प्रारण बाहेर पडते. ५० अंश सेल्सिअसला तापलेल्या दगडाचे प्रारण सुमारे ९ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते, तर गुऱ्हाळाच्या चुलवणातील निखारा आखूड लांबीचे व कितीतरी प्रखर प्रारण फेकतो, कारण निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की उत्सर्जन सोळापट होते.

याहूनही विलक्षण वाटतो तो किरखॉफचा १८५९ सालचा सिद्धान्त: ज्या तरंगलांबीचे प्रारण वस्तू उत्तम शोषते, त्याच लांबीचे ती उत्तम उत्सर्जित करते. येथे डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. चुन्याची पांढरी भिंत सूर्यप्रकाश परतविते खरी, परंतु अवरक्तापुरती ती जवळजवळ काळ्या दगडासारखीच वागते. उलट घासून लखलखीत केलेली तांब्याची घागर शोषण आणि उत्सर्जन या दोहोंतही कृपण असल्यामुळे, तिच्यातील कढत पाणी काजळी धरलेल्या घागरीतल्यापेक्षा सावकाश निवते.

मार्गशीर्षातील निरभ्र रात्री उसाची पाने आपली उष्णता आकाशात उत्सर्जित करून हवेहूनही थंड होतात व त्यांवर दव धरते. आषाढात मात्र ढग ते प्रारण शोषून पुष्कळसे जमिनीकडेच परत पाठवितात.