लेखांक सातवा : कबुली आणि कबुलायत

वैशाख सरत आलेला असतो, पावसाच्या पहिल्या सरीची धास्ती मनात असते, आणि अशा दिवसांत रत्नागिरीकडच्या घरोघरच्या अंगणांत रातांब्यांची साले वाळत पडलेली असतात. फळ फोडून बिया निराळ्या काढाव्या, त्यांच्या रसात मीठ घालावे, सालींना त्या रसाचे पूट देऊन त्या उन्हात पसराव्या, संध्याकाळी उचलाव्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस, पुन्हा ऊन, असे पाचसात दिवस चालले म्हणजे त्या सालीचे आमसूल होते. आमच्या घरी हे काम वर्षानुवर्षे अक्काचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर अवघ्या काही वर्षांत वैधव्य आल्यामुळे ती माहेरी परतली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची आई गेल्यामुळे माझे उरलेले सारे बालपण तिच्याच हातून पार पडले.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका दुपारी जमिनीच्या फेरफाराचा एक कागद मला सापडेना. तलाठ्याकडे जाण्याची मुदत दुसऱ्या दिवसाची होती. सगळे कपाट उपसून झाल्यावर, अक्काने आवराआवर करताना तो कोठेतरी हलविला असावा असे माझ्या मनाने घेतले. "मी हात लावला नाही रे त्याला," असे ती अंगणातूनच म्हणाली. त्यावर मी म्हणालो, "या घरातल्या कागदांशी तुझा संबंधच काय? तुझं आहे काय या घरात?"

बोलणे एवढेच. तिने मान वर केली नाही. कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी ती साली उलथीत राहिली. फक्त मघापासून चाललेले तिचे गुणगुणणे थांबले. कागद त्याच रात्री माझ्याच पिशवीत, एका जुन्या पावतीच्या घडीत सापडला.

या लेखमालेत पापाविषयी आणि क्षमेविषयी आतापर्यंत जे लिहिले, ते बहुतांशी पुस्तकांच्या आणि प्रवचनांच्या आधाराने लिहिले. आजचा लेखांक मात्र त्या दुपारच्या आधाराने लिहीत आहे. कारण त्यानंतरच्या आठ दिवसांत मला जे उमगले ते असे की, ज्याला मी जन्मभर पश्चात्ताप समजत आलो, तो पश्चात्ताप नव्हताच.

ते आठही दिवस मी रात्री गुडघे टेकले, देवापाशी रडलो, स्वतःला दूषणे दिली, आणि प्रत्येक सकाळी अक्काने पुढे ठेवलेला चहा घेऊन, तिच्याशी एक अवाक्षर न बोलता कचेरीत गेलो. माझा माफीचा अर्ज रोज नियमाने वरच्या दरबारी दाखल होत होता. पण ज्या पक्षकाराची हानी झाली होती तिला त्याची नोटीसदेखील पोचलेली नव्हती. मनाला होणाऱ्या या यातनेत एक प्रकारचे समाधानही असते, हे सांगताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे. आपण इतके तळमळतो आहोत त्या अर्थी आपण मुळात सज्जन आहोत, असा निर्वाळा माणूस स्वतःलाच देत असतो, आणि त्या तळमळीत दुखावलेले माणूस कोठल्या कोठे राहून जाते.

आपला मराठी शब्दही या बाबतीत थोडा फसवितो. पश्चात् होणारा ताप तो पश्चात्ताप. म्हणजे शब्दाच्या पोटात आहे ती नंतरची जळजळ, तिच्यापलीकडचे काही नाही. संतवाङ्मयातील 'अनुताप' हा शब्द याहून खोल जातो, कारण तो होऊ लागला की विरक्तीकडे आणि देवाकडे पाऊल वळते असे आपल्या संतांनी मानले. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत मात्र जो शब्द योजला आहे तो 'मेटानोइया', मनाचे पालटणे; आणि त्याच्याही मागे उभा असलेला जुन्या कराराचा हिब्रू शब्द 'शूब' हा तर अगदी साधा, रस्त्यावरचा शब्द आहे. त्याचा अर्थ मागे फिरणे. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस जिथे चुकला तिथवर परत चालत येतो, एवढाच त्याचा आशय. त्यात जळजळ असेल वा नसेल. पाय मात्र हलले पाहिजेत.

शुभवर्तमानांत या दोन गोष्टी एकाच रात्रीच्या दोन माणसांच्या रूपाने शेजारीशेजारी उभ्या केल्या आहेत. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाला पुढे जे झाले त्याला मत्तयाने 'मेटानोइया'चे क्रियापद लावलेले नाही. खेद होणे, हळहळ वाटणे अशा अर्थाचे निराळेच क्रियापद तेथे आहे. आणि नीट पाहिले तर यहूदाने काय केले नाही? त्याने अपराध कबूल केला, तीस रुपये परत केले, त्याचे दुःखही खरे होते. पण ती कबुली त्याने मुख्य याजकांच्या कचेरीत दिली, ज्यांना तिच्याशी काडीचेही कर्तव्य नव्हते. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. त्या मनुष्याची मला फार दया येते. दुसरा पेत्र. त्याने तर तीन वेळा, अंगणात निखाऱ्यांशी शेकत असताना, आपल्या गुरूची ओळखच नाकारली. म्हणजे त्याचाही अपराध जिभेचाच. कोंबडा आरवल्यावर तोही बाहेर जाऊन रडला. परंतु पुढे तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभू उभा आहे असे कळताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली आणि तो पोहत किनाऱ्याला आला. किनाऱ्यावर निखारे पेटलेले होते. योहानाने नाकारण्याच्या रात्री निखाऱ्यांसाठी जो ग्रीक शब्द वापरला, तोच येथे पुन्हा वापरला आहे, आणि तीन वेळच्या नाकारण्यासमोर तीन वेळा प्रश्न विचारला गेला आहे. जखम जिथे झाली तिथेच, तितक्याच वेळा, तितक्याच शब्दांनी ती धुतली गेली.

आठव्या दिवशी रविवार होता आणि त्या रविवारी प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट जवळ येऊ लागले तसे माझ्या मनात डोंगरावरील प्रवचनातला तो भाग आला, ज्यात अर्पण वेदीपाशी घेऊन आलेल्या माणसाला, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावयास परत पाठविले आहे. लक्षात घ्यावे, की आपल्या मनात भावाविषयी काही असल्यास असे तेथे म्हटलेले नाही; भावाच्या मनात आपल्याविषयी काही असल्यास, असे आहे. फिर्याद दुसऱ्याची असते, आणि चालत मात्र आपण जायचे असते. अक्का बायकांच्या बाजूला, खिडकीलगतच्या बाकावर बसली होती. मी ताट पुढे जाऊ दिले.

घरी आलो तेव्हा ती अंगणात शेवटचे पूट देत होती. आठ दिवस मनात जुळविलेले सगळे वाक्य घशातच राहिले आणि मी एवढेच म्हणू शकलो, "अक्का, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. कागद माझ्याच पिशवीत होता." कागदाचे सांगितले हे बरे झाले असे मला आजही वाटते, नुसते 'चुकलो' म्हणणे सोपे असते, नेमके काय चुकले ते सांगताना जीभ जड होते. ती म्हणाली, "ऐकलं होतं ते मी." आणि मग थोड्या वेळाने, "ऊन उतरलंय. ती ताटं आत घे."

आता ज्याच्यासाठी हा लेखांक मुख्यतः योजला होता त्या पुरुषाकडे वळतो. नारायण वामन टिळक हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे. दापोलीकडील करजगाव हे त्यांचे जन्मगाव, आणि जन्मसाल १८६१. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या साहेबाकडून हाती आलेला नवा करार, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने घेतलेला मनाचा ताबा, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झालेला बाप्तिस्मा हा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, हेही सर्वश्रुत आहे. परंतु टिळक अतिशय तापट होते. क्षणात भडकावे, नको ते बोलावे, आणि क्षणात विरघळून जावे असा त्यांचा पिंड होता, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो पिंड काही एका दिवसात धुऊन निघाला नाही. हे आपल्याला कसे कळते? टिळकांनी लिहून ठेवले म्हणून नव्हे. आपल्या पापांची कबुली देणारी आत्मचरित्रे ख्रिस्ती वाङ्मयात ऑगस्टीनपासून पुष्कळ आहेत, आणि मराठीतही बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'सारखे धर्मांतराचे प्रांजळ कथन आहे. पण तेथे सर्वत्र लेखणी कबुली देणाराच्याच हाती असते. टिळकांच्या बाबतीत ती लेखणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आली. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' ही, ज्या माणसाने ते शब्द सोसले त्याने दिलेली साक्ष आहे. साक्षीदार म्हणून माझ्या मते तिचे मोल अपूर्व आहे.

या साक्षीत लक्ष्मीबाई काहीही लपवीत नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचा अव्यवहारीपणा, नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी आली तेव्हा आपली झालेली दशा, लहानग्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर काढलेली ती वर्षे, हे सगळे त्यात आहे, आणि तरी त्या पुस्तकात कडवटपणाचा एक थेंब नाही. असे का झाले असावे? लक्ष्मीबाईंचा स्वभाव थोर होता हे उत्तर खरेच आहे, पण अपुरे आहे. टिळक रागावत तसे परतही येत; नवरेपणाचा तोरा सोडून ते बायकोसमोर उभे राहू शकत. ज्या काळात पुरुषाने घरातल्या बाईची माफी मागणे ही कल्पनाच लोकांना विपरीत वाटली असती, त्या काळात हे सामान्य धैर्य नव्हे. लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतः विचार करून घेतला. आणि टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मागे अपुरे राहिले तेव्हा ते हाती घेऊन पुढे नेणारी व्यक्तीही तीच होती.

टिळकांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट मला येथे महत्त्वाची वाटते. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे होऊन गेल्यावर, १९१७ साली, त्यांनी मिशनच्या पगारी नोकरीतून फारकत घेतली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. एकदा सर्वस्व वाहिले असे ज्याच्याविषयी सारे जग म्हणत होते, त्याला स्वतःला ते पुरेसे वाहिले गेले असे वाटत नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले.

एकदाचे वाहणे पुरत नाही ते का, हे आमच्याकडचा एक जुना शब्द सांगतो. आमच्या कोकणात खोताच्या अमदानीत कुळाकडून कबुलायत लिहून घेत. कबुली आणि कबुलायत हे शब्द एकाच धातूचे असले तरी त्यांत अंतर आहे. कबुली झालेल्या गोष्टीची असते. कबुलायत हा पुढचा करार असतो, अमुक देणे माझ्याकडे आहे आणि ते मी भरीत जाईन, असा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत अपराधाला मत्तयाने ऋण म्हटले आहे, आणि त्या ऋणाच्या माफीची मागणी रोजच्या भाकरीच्या लगतच ठेविली आहे. वधस्तंभ उचलून मागे येण्याची आज्ञा पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत आहे, पण 'दररोज' हा शब्द त्यात एकट्या लूकाने घातला आहे. ल्यूथरने १५१७ साली जे पंच्याण्णव सिद्धांत मांडले त्यांतील पहिलाच असा होता, की श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन हाच पश्चात्ताप व्हावा अशी प्रभूची इच्छा आहे. आणि याकोबाने आपल्या पत्रात जिभेला तारवाच्या सुकाणूची उपमा दिली आहे. भाट्याच्या खाडीत होडी घालणाऱ्या कोणालाही विचारावे. सुकाणू एकदा योग्य दिशेला लावून ठेवले आणि हात काढून घेतला, असे कधी कोणी केले आहे काय?

म्हणून दैनंदिन समर्पण म्हणजे काही मोठी उदात्त भावना रोज मनात जागविणे असे मी समजत नाही. माझ्यापुरते ते फार लहान आहे. सकाळी उठल्यावर कोणाशीही पहिला शब्द बोलण्यापूर्वी मी माझी जीभ प्रभूच्या स्वाधीन करतो, तेवढ्या दिवसापुरती; आणि रात्री कोणाला काय बोललो याचा झाडा देतो. हिशेबात बाकी निघाली तर ती दुसऱ्या दिवसावर न ढकलता त्या माणसाकडे जातो. सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नये असे पौलाने इफिसकरांना लिहिले, ते या मुदतीच्या दृष्टीने फार व्यवहारी सांगणे आहे. शब्द जितका शिळा होतो, तितके परत चालत जाण्याचे अंतर वाढत जाते, हे मी आठ दिवसांत पाहिले होते.

आणि तरीही चूक होते. त्या रविवारनंतर चौथ्याच दिवशी, पावसाने सांज अंधारून आलेली असताना, कंदिलाची काच कोणी फोडली यावरून माझा आवाज चढला. "तुला किती वेळा सांगितलं, अक्का, की..." एवढे तोंडातून गेले आणि पुढचे मी गिळले. ओसरीच्या कडेला बसून राहिलो. मग आत गेलो, चुलीपुढे ती बसली होती तिथे पाट ओढून बसलो आणि म्हणालो, "पुन्हा तसंच बोलणार होतो."

तिने चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. "आज अर्ध्यातच थांबलास," ती म्हणाली, आणि बरण्यांत आमसुले भरू लागली.